पळसाला पानं तीनच

गेल्या काही वर्षांपासून मला फुलांचे फोटो काढायचा नाद लागला आहे. पुण्यात आम्हा हौशी मंडळींचा एक गट आहे. पावसाळा सरत आला की आम्ही कासच्या पठारावर जातो आणि ओणवं होऊन तेरडा, सीतेची आसवं टिपत बसतो. पण माझ्या स्वतःच्या मुलखातली फुलं मी कधी टिपली नव्हती. आमच्याकडे फुलं येतात ती फाल्गुनात, उन्हं तापायला लागल्यावर. आणि तीही जमिनीवर नाही, झाडाच्या शेंड्याला. म्हणून यंदा होळीच्या आधी गाडी काढली आणि थेट गाव गाठलं. गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या अलीकडे. मायला माहूरला रेणुकेच्या दर्शनाला न्यायचं कबूल केलं होतं. दर्शनही होईल, फोटोही होतील, असा माझा हिशेब.

नागपूर-तुळजापूर रस्ता आता चौपदरी झाला आहे. गाडी पळते, पण रस्त्याकडेची जुनी झाडं रुंदीकरणात गेली. पळस नीट पाहायचा तर मोठा रस्ता सोडून एखाद्या फाट्यानं आत शिरावं लागतं. तिथं मात्र धुऱ्याधुऱ्यावर, पडीक रानात, नाल्याच्या काठानं पळस नुसता पेटलेला होता. अंगावर एक पान नाही. काळपट, मखमली देठांतून शेंदरी फुलं बाहेर आलेली. फुलाची एक पाकळी अशी वाकलेली, की पोपटाची चोचच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात ते यामुळेच. हा पोपट तर नाही ना?

या फुलाचा फोटो काढणं मात्र सोपं नाही. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला तो शेंदरी रंग झेपत नाही, पाकळ्यांच्या शिरा पुसल्या जातात आणि नुसता लाल डाग उरतो. उजेड थोडा कमी घ्यावा लागतो, ऊन तिरपं असावं लागतं. म्हणून मी सकाळी लवकर निघालो होतो आणि दर अर्ध्या किलोमीटरला गाडी थांबवत होतो. एका काटेसावरीखाली पाऊण तास गेला. तिची जाड पाच पाकळ्यांची फुलं धप्पकन खाली पडत होती आणि वर मैनांचा बाजार भरला होता.

माय गाडीत बसून होती. शेवटी काच खाली करून म्हणाली, "कायचे फोटो काढून रायला रे इतके? पान तर एक नाही झाडाले."

"फुलांचे काढतो माय."

"फुलाचं काय करतं? पान कामाचं."

ती म्हणाली ते तिच्या जागी खरंच होतं. आमचं घर पळसाच्या पानावर चाललं. फूल गळून गेलं की चैत्र-वैशाखात नवी पानं येतात, लुसलुशीत, तळहाताहून मोठी. माय पहाटे रानात जाऊन ती तोडून आणायची. पानं सावलीत वाळवायची, दगडाखाली दाबून ठेवायची, मग पाणी शिंपडून नरम करायची आणि कंदिलाच्या उजेडात बांबूच्या बारीक काड्यांनी एकाला एक टाचायची. शंभर पत्रावळींची एक चळत. लग्नसराईत तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. पुढं थर्माकोलच्या ताटल्या आल्या आणि ते काम संपलं. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गावातल्या एकदोघांनी मायकडे पत्रावळींची विचारणा केली. पण तोवर तिची बोटं वळेनाशी झाली होती.

धनोड्याच्या अलीकडे एका नाल्याजवळ मी पुन्हा थांबलो. या वेळी मायही उतरली. खाली पडलेली फुलं पदरात वेचू लागली. नातवंडांना रंगपंचमीचा रंग करायला. तिला तसं वाकलेलं पाहिलं आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तोंडातून निघून गेली.

मी सहावीत होतो. गावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारचा पोरगा पत्रावळीवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाला, "हे याच्या मायनं लावलं आहे." पोरं हसली. मी म्हणालो, "नाही, माह्या मायचं नाही हे." बोललो आणि मान वर केली, तर माय खरकटं उचलायला मागंच उभी. तिनं ऐकलं की नाही, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

सगळं सांगून झालं. माय फुलं वेचतच होती. मग म्हणाली, "त्या लग्नाच्या पत्रावळी माह्या नोत्याच. ते काम तुह्या काकूनं घेतलं होतं. तू खरंच बोलला."

मला हसू आलं. चाळीस वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरावं! तेवढ्यात ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण लाज वाटली होती, हे तर खरं नं?"

"हो," मी म्हणालो.

"वाटते लेकराले," एवढंच ती बोलली आणि गाडीत जाऊन बसली.

पैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही माहूरला गेलो. दर्शन छान झालं. परतीच्या वाटेवर मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दिवसभराचे फोटो दाखवले. शंभरावर तरी असतील. तिनं एकेक नीट पाहिला. पळस, सावर, फुलात चोच खुपसून बसलेला शिंजीर. त्यात तिचा एकही नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिला त्याचं काही नव्हतं.

"पान आलं की ये," ती म्हणाली. "वैशाखात. काड्या मी काढून ठेवतो."

पत्रावळ लावायला मी कधी शिकलो नाही, शिकायचंच नव्हतं. आता तिची बोटं वळत नाहीत, म्हणजे लावायच्या मलाच आहेत. ती शेजारी बसून कुठं चुकलं ते सांगणार आहे.

वैशाखाची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.