घार, तार आणि बॅटरी

आमच्या मुलुंडच्या गच्चीवरून पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. दसरा सरला, ऊन तापू लागले, की सकाळी दहाच्या सुमारास तेथे घारी वर चढतात. चार-सहा वेळा पंख मारायचे, तापल्या हवेचा झोत सापडला की पंख स्थिर धरायचे आणि गिरक्या घेत ठिपका होऊन जायचे! परवा त्यांच्याकडे बोट दाखवून पुतण्या म्हणाला, "काका, आपल्या बळावर उडणारे ग्लायडर ते हेच. मला विजेवरचे हवे."

वहिनींनी त्याला माझ्याकडे धाडले होते ते हे खूळ डोक्यातून काढण्यासाठी. मराठीचा प्राध्यापक माणसाला जमिनीवर ठेवतो, असा त्यांचा समज! त्यांना काय ठाऊक, की विद्यार्थिदशेत मीही एकदा हडपसरला ग्लायडरमध्ये बसलो होतो.

तेथे विंच होते. मैदानाच्या दूरच्या टोकाला भले मोठे रीळ आणि त्यावरची पोलादी तार. एकजण पंखाचे टोक सावरून धरी, दुसरा खूण करी, तिसरा विंच चालवी. हिसका बसला आणि पोट जमिनीवरच राहिले! हजार मीटर तारेने तीन-चारशे मीटर उंची मिळते. मग तार सुटली आणि उरली ती वाऱ्याची सूं सूं. झोत काही सापडला नाही. पाच-सहा मिनिटांत आम्ही खाली.

दुसरा मार्ग विमानाने ओढून नेण्याचा. हवी तेवढी उंची मिळते; पण बिनइंजिनाच्या विमानासाठी इंजिनाचे विमान, त्याचा वैमानिक आणि पेट्रोल! म्हणजे सायकलवर फिरायला जाण्यासाठी टॅक्सी करण्यातलाच प्रकार.

जर्मनीच्या 'अँटारेस 20 ई'ची 42 किलोवॉटची मोटर पुतण्याला तोंडपाठ आहे. बॅटरी पंखांत, पाठीतून पंखा बाहेर येतो आणि वर गेल्यावर मिटून आत जातो. भरलेल्या बॅटरीवर सुमारे 3000 मीटर चढता येते. ना धूर, ना कुणाची वाट पाहणे. मात्र तार सुटते तशी बॅटरी सुटत नाही. तिचे ओझे शेवटपर्यंत. शिवाय हवेत मोटर पुन्हा सुरू करताना ती रुसली तर? म्हणून उतरण्याजोगे मैदान आवाक्यात ठेवावे लागतेच.

"पण येथून कुठे उडणार?" मी विचारले. ज्या जुहूला 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीचे टपाल घेऊन उतरले, तेथे आता हेलिकॉप्टरे घरघरतात. घाटकोपरच्या गच्च्यांवरून जेट विमाने उतरतात. घारींना कुणी परवाना विचारत नाही, हेच नशीब!

रात्री वहिनींना फोन केला. "शिकू द्या त्याला. पण आधी तारेवर. विजेवर एकट्याला उडता येते. तारेवर मात्र आपण किती जणांच्या हातांनी वर जातो, ते कळते."

वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, तो पंख धरणारा किती वेळ धरतो हो?"

"चार पावले धावतो. मग सोडावाच लागतो."

पलीकडे पुन्हा शांतता. मग सुस्कारा टाकून त्यांनी विचारले, "फी किती पडेल?"