दोन आकडे, एक पारपटल

काचबिंदूने आईची दृष्टी कडेकडून पुसत नेली. शेवटी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला दिसे, पण त्याने पुढे केलेला चहाचा कप दिसत नसे. त्यामुळे माझ्या डोळ्यातला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटर इतका भरला, तेव्हा मी मनातून औषधाचे थेंब सुरूही करून टाकले होते. डॉक्टर मात्र म्हणाले, आधी पारपटलाची जाडी पाहू.

हा दाब थेट मोजला जात नाही. गोल्डमन यांचे १९५० च्या दशकातले उपकरण बुबुळावरचा तो पारदर्शक पडदा किंचित सपाट करते आणि त्यासाठी किती जोर लागला, यावरून आतल्या दाबाचे अनुमान करते. त्यामागे पारपटल साधारण ५२० मायक्रॉन जाड असते, असे गृहीत होते. पडदा जाड असला तर तो अधिक विरोध करतो आणि दाब वाढीव दिसतो. पातळ असला तर खरा दाब झाकला जातो. शिवाय उच्च दाबाच्या रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने २००२ साली दाखवले, की ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ पारपटल हे स्वतःच काचबिंदूच्या वाढत्या धोक्याचे लक्षण आहे.

माझी जाडी दोन ठिकाणी मोजली गेली. एकीकडे डोळा बधिर करून अल्ट्रासाऊंडची सळई टेकवली : ५६१. दुसरीकडे हनुवटी टेकवून बसवले आणि डोळ्याला न शिवता प्रकाशाने छेद घेतला : ५४०. एकवीस मायक्रॉनचा फरक, केसाच्या जाडीहूनही कमी; पण ५५५ ची रेषा नेमकी त्या दोहोंच्या मधून जात होती.

साहित्य शिकवणाऱ्याच्या सवयीने मी विचारले, यातला मूळ पाठ कोणता? वस्तुतः प्रश्नच चुकीचा होता. जाडी अशी कोणतेच यंत्र मोजत नाही. एक ध्वनीच्या परतीचा वेळ मोजते, दुसरे प्रकाशाचा मार्ग. मग आपापल्या गृहीतकांनी त्याचे मायक्रॉन करते. सळई मध्यापासून जरा सरकली तरी आकडा वाढतो, कारण पारपटल कडेकडे जाड होत जाते. आणि पारपटल तरी कुठे स्थिर आहे? रात्रभर मिटलेल्या पापणीखाली ते फुगते, सकाळी जागे झाल्यावर हळूहळू उतरते.

अशी यंत्रे ताडून कशी पाहावीत, हे ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये सांगितले. आपल्याला ते उत्तरपत्रिकांवरून सहज कळेल. दोन परीक्षकांपैकी एक प्रत्येकाला नेमके दहा गुण जास्त देत असेल, तर त्यांच्या गुणांचा सहसंबंध परिपूर्ण येईल. तरीही त्यांचे एकमत आहे असे कोणी म्हणणार नाही. सहसंबंध वेगळा, सहमती वेगळी. ठरावीक फरक असेल तर तो वजा करता येतो. पण फरक कधी दोनचा, कधी वीसचा असेल, तर एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही. आणि तीच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्यावर परीक्षक स्वतःशी तरी सहमत होतो का, हे त्याही आधी पाहावे लागते.

डॉक्टरांचे उत्तर याच वळणाचे होते. प्रकाशाची यंत्रे पुष्कळदा अल्ट्रासाऊंडपेक्षा कमी जाडी दाखवतात. २००२ ची ती रेषा अल्ट्रासाऊंडने आखलेली, म्हणून तिच्याशी ५६१ च ताडायचा. त्यातही तो रेषेच्या इतका जवळ, की त्यावर विसंबून निश्चिंत होणे बरे नव्हे. दृष्टिक्षेत्र आणि दृष्टिचेता निर्दोष होत्या. तूर्त थेंब नकोत. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि जाडी मोजायची वेळ आली तर त्याच यंत्रावर, दिवसाच्या त्याच सुमारास.

घरी येऊन मी दोन्ही आकड्यांपुढे पेन्सिलीने यंत्राचे नाव आणि वेळ लिहिली. मग आईची १९९० च्या दशकातली फाइल काढली. दाबाचे आकडे एकामागून एक, बहुतेक सगळे सतरा-अठरा, आणि प्रत्येकापुढे 'नॉर्मल'. जाडीची नोंद कुठेच नाही. तेव्हा ती सर्रास मोजत नसत. ते अठरा खरोखर किती होते, हे आता कोणतेच यंत्र सांगणार नाही.