मावशीची भाकर

आम्ही पूर्णेचे. आज्यानं १९५६ साली बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला. मावशी त्याआधीच ज्या घरात दिलेली, ते घर ख्रिस्ती.

दर रविवारी चर्चमधून येताना ती आमच्या दारात टेकायची. ‘लेकरा, तारण कृपेनं मिळतं, कमवावं लागत न्हाई.’ मी भडकायचो. ‘मावशे, कृपा मालक करतो. आमाला हक्क पायजे. बुद्ध मोक्षदाता नव्हं, मार्गदाता हाय.’ ती नुसती हसायची.

१९७८ साली नामांतरावरून मराठवाडा पेटला. खेड्यांतली आपली माणसं पोरंबाळं घेऊन गावात आली. मावशीनं पडवीत तीन घरं ठेवून घेतली. दिवसभर चूल विझली नाही. पण येशूचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. विचारलं तर म्हणाली, ‘भुकेल्याला भाकरीसंगं धर्म वाढू नये. भाकर इकल्यासारखं व्हतं.’

कृपा म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. मी बौद्धच राहिलो.

तारणानं तिची जात मात्र गेली नाही. हॉटेलात तिचाही कप वेगळाच. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती दलित बसले नाहीत. बौद्धांना १९९० साली केंद्रानं यादीत घेतलं. तिची लेकरं आजही बाहेरच.

दोस्तांनो, आपण तिला ‘मिशनवाली’ म्हणून हिणवतो. पुढच्या मोर्चात तिच्या लेकरांच्या दाखल्याची मागणी आपल्या फलकावर असणार का नाही, एवढंच सांगा.