बोटभर फट

वीस-एक डॉलरचं सील बदलायला गेलो आणि चांगलं चालतं ट्रान्समिशन मोडून बसलो. स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या हातांनी, कोणाचीही घाई नसताना. आणि धंदा विचाराल तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन हाच माझा तीस वर्षांचा धंदा.

डेट्रॉइटच्या एका उपनगरात मी राहतो. इथल्या मोटारउद्योगात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं वॉरंटीच्या टेबलाशी गेली. मोडून परत आलेली ट्रान्समिशनं उघडायची, काय मोडलं ते पाहायचं आणि फॉर्मवर कारण लिहायचं, असं ते काम. त्या टेबलावर एक प्रकार वरचेवर यायचा. ऑइल पंपाचा गिअर चिरडलेला आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या मानेवर ओरखडे. याचं कारण शोधावं लागत नसे. कन्व्हर्टर पुरता आत न बसवताच कोणीतरी बोल्ट आवळलेले असत. रकान्यात ‘जोडणीतली चूक’ एवढं लिहून मी पुढचं खोकं जवळ ओढायचो. माणसं इतकी बेफिकीर असतात तरी कशी, असंही मनात यायचं.

गाडी 1998 ची जीप चेरोकी. ही चौकोनी चेरोकी अमेरिकेत 1984 पासून 2001 पर्यंत विकली गेली आणि माझी बनली ती टोलेडोला, माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. चार लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन, त्याच्या मागे ऐसिन या जपानी कंपनीचं एडब्ल्यू-फोर हे चार गिअरचं ऑटोमॅटिक. दणकट म्हणून त्याचं नाव आहे. पण घेतली ती या गुणांसाठी नव्हे. लहानपणी वडील जायकवाडी धरणाच्या कामावर होते आणि खात्याच्या जीपमध्ये पुढे बसायला मिळावं म्हणून मी काहीही कबूल करायचो. त्या जीपचे ड्रायव्हरकाका गाडी दुरुस्त करताना मला पाने हातात द्यायला बसवत. नट आधी बोटांनी लावायचा, बोटांनी जाईल तितका जाऊ द्यायचा, पाना त्यानंतर, असा त्यांचा दंडक होता. पान्याने सुरू केलेला नट आटे खातो, म्हणायचे. हे मी पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात जास्त अवघड शब्दांत शिकलो आणि चेरोकीच्या खाली उताणा पडलो असताना साफ विसरलो.

गाडीखाली लाल तेलाचे थेंब पडायला लागले होते. इंजिन आणि ट्रान्समिशन जिथे जोडलेली असतात तिथूनच ते येत होते, म्हणजे ट्रान्समिशनचं पुढचं सील गेलेलं. सील स्वस्त, पण ते बदलायला अख्खं ट्रान्समिशन उतरवावं लागतं. गॅरेजवाल्याने मजुरीचा जो आकडा सांगितला त्यात माझ्या जीपसारखी दुसरी जीप अर्धी आली असती. मी म्हटलं, घरीच करू. लेक त्या उन्हाळ्यात घरी होती. सप्टेंबरमध्ये ती नोकरीसाठी सिॲटलला जायची होती आणि त्याआधी जीप घेऊन दोघांनी मॅकिनॉ पूल ओलांडायचा, सुपिरिअर सरोवराच्या काठाकाठाने आठवडाभर हिंडायचं, असं ठरलं होतं.

काढण्याचं काम मी इतकं नेटकं केलं की आजही त्याचा अभिमान वाटतो. डेट्रॉइट शहराखाली साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ सढळ हाताने पडतं. त्यामुळे वीस वर्षांच्या गाडीच्या पोटातला प्रत्येक बोल्ट गंजून आपल्या जागेशी एकजीव झालेला असतो. मी आठवडाभर आधीपासून रोज त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारत होतो. बेलहाउसिंगच्या, म्हणजे ट्रान्समिशनच्या इंजिनाला भिडणाऱ्या कवचाच्या, माथ्यावरचे दोन बोल्ट बाहेरून चांदणीसारख्या डोक्याचे असतात आणि त्यांच्यापर्यंत सरळ हात पोचत नाही. ट्रान्समिशनची शेपूट खाली सोडायची आणि मागून, लांबच लांब दांडे एकमेकांना जोडून, ते सोडवायचे. तेही सोडवले. क्रँकचा सेन्सर तिथेच असतो. तो चिरडला तर पुढे इंजिन नुसतं फिरतं, सुरू होत नाही. तो मी आधी काढून कापसात गुंडाळून ठेवला. प्रत्येक बोल्टची वेगळी पिशवी, तिच्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर लेकीचं अक्षर.

सत्तर किलोच्या वरचा तो ऐवज उतरवायला ट्रान्समिशनचा खास जॅक भाड्याने आणला होता. त्याला वर पट्टा असतो आणि पाळणा पुढे-मागे कलवता येतो. ट्रान्समिशन उतरल्यावर जॅक मी त्याच दिवशी परत करून आलो. सील बदलेपर्यंत उगाच भाडं कशाला भरायचं? चढवताना साधा ट्रॉली जॅक आणि वर प्लायवुडची फळी चालेल, असा हिशेब केला.

आता तो कन्व्हर्टर. क्लचच्या जागी असणारा, तेलाने भरलेला जाड गोल डबा. तो ट्रान्समिशनच्या तोंडात नुसता टेकवून भागत नाही. तीन ठिकाणी त्याची गाठ पडावी लागते. आतला मुख्य दंड, त्याभोवतीची स्थिर नळी आणि सर्वांत शेवटी पंपाचा गिअर. डबा फिरवत, किंचित हलवत आत ढकलायचा. एकेक जागा सापडली की ‘खट्’ करून तो जरा आत जातो. दोन जागा सापडल्या की बघणाऱ्याला तो बसलेलाच दिसतो. तिसरी सापडली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, मोजावं लागतं. तोंडावर आडवी पट्टी धरायची, पट्टीपासून डबा किती आत आहे ते मोजायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे. पट्टी भिंतीवर टांगलेली होती, व्हर्निअर वरच्या खणात होता. मी खट् मोजले नाहीत आणि खणही उघडला नाही. डबा आत ढकलला, बसल्यासारखा वाटला, पुढे निघालो.

शिवाय तो त्या वेळी पुरता बसला असता तरी पुढे निसटलाच असता. ट्रॉली जॅकवरच्या फळीवर ट्रान्समिशनचं नाक सारखं खाली झुकत होतं आणि कन्व्हर्टरला धरून ठेवायला मी तोंडावर पट्टीसुद्धा बांधली नव्हती.

संध्याकाळ झाली होती. ट्रान्समिशन इंजिनाला भिडलं, पण पुरतं नाही. चहूबाजूंनी बोटभर फट राहिली. इंजिनाच्या पाठीवर दोन डॉवेल असतात, जोड नेमका जुळावा म्हणून. ते गंजलेले होते. मी स्वतःला सांगितलं, डॉवेल अडताहेत, बोल्ट लावले की ओढले जातील.

लेक मॅन्युअल घेऊन गाडीशेजारी बसली होती. ती म्हणाली, “बाबा, बोल्ट आवळायच्या आधी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा ना? इथे तसं लिहिलंय.”

मी म्हणालो, “फिरेल. आधी बोल्ट लागू देत.”

या उत्तरावर मी नंतर बराच विचार केला. प्रश्न बरोबर होता हे मला माहीत होतं. उत्तर शोधायला एक हात वर न्यायचा आणि डबा फिरवून पाहायचा, एवढंच करायचं होतं. पण तो फिरला नसता तर सगळं पुन्हा खाली घ्यावं लागलं असतं. उत्तर नको होतं म्हणून मी तपासलं नाही. ज्ञान कमी पडलं असतं तर निदान सबब तरी सांगता आली असती.

बोल्ट आवळायला लागलो. एक इकडचा, एक समोरचा, प्रत्येकाला अर्धा फेरा, अगदी पुस्तकी शिस्तीने. फट कमी होत गेली. फट मिटताना पाहण्यात मोठं सुख आहे. मध्येच एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं. “डॉवेल बसला,” मी मोठ्याने म्हणालो. तो पंपाचा गिअर होता.

यानंतर कन्व्हर्टर इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटला, म्हणजे क्रँकवरच्या पातळ तबकडीला, चार बोल्टांनी जोडायचा असतो आणि त्यासाठी क्रँक हाताने थोडी थोडी फिरवावी लागते. ती जड फिरत होती. एरवी मी ताबडतोब थांबलो असतो. पण स्पार्क प्लग लावलेले आहेत, सिलिंडरमध्ये हवा दाबली जातेय, जड लागणारच, असं स्पष्टीकरण मनात तयार होतं. लांब दांडा घेतला आणि फिरवली.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं. एक किंकाळी आली, मग एकसुरी घरघर. रिव्हर्स टाकला, काही नाही. ड्राइव्ह टाकला, काही नाही. जीप जागची हलली नाही.

इथून पुढचे दिवस मला वॉरंटीच्या टेबलावर कोणी दाखवले असते तर मी हसलो असतो. आधी मी गिअरची केबल नीट लावली. मग न्यूट्रल स्विच काढून साफ केला. मग ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरवर संशय घेतला. एडब्ल्यू-फोरचा कॉम्प्युटर पार तोडून टाकला तरी गाडी गिअरच्या दांड्याने चालवता येते. खालच्या जागेवर पहिला गिअर लागतो, मधल्या जागेवर तिसरा, ड्राइव्हमध्ये चौथा. तो तोडूनही गाडी हलली नाही, म्हणजे दोष विजेचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र नवीन सील सदोष निघालं का, या दिशेने विचार करू लागलो. परक्या माणसाच्या चुकीला मी वर्षानुवर्षं दोन शब्दांचा शेरा दिला होता. स्वतःच्या चुकीसाठी मला केबल, स्विच, कॉम्प्युटर आणि सीलचा कारखाना, इतके आरोपी लागले.

शेवटी पुन्हा उतरवलं. या खेपेला खास जॅक आणला आणि ठेवूनही घेतला. पंपाच्या गिअरचे तुकडे पडले होते, कन्व्हर्टरची मान खरवडली होती. टेबलावर असंख्य वेळा पाहिलेलं चित्र, हुबेहूब. लेक वाकून बघत होती. तिने विचारलं, “बाबा, कामावर असतास तर फॉर्मवर काय लिहिलं असतंस?”

मी सांगितलं. ती बरं म्हणाली आणि चहा करायला आत गेली. तेव्हा तिने आणखी काही ऐकवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

धातूचा चुरा तेलाबरोबर फिरून रेडिएटरमधल्या कूलरपर्यंत गेला होता. नुसता धुऊन त्याचा भरवसा नव्हता, म्हणून रेडिएटर नवा आणला. ट्रान्समिशन आणि कन्व्हर्टर जंकयार्डमधल्या, मागून धडक बसलेल्या एका चेरोकीतून घेतले. तेल दोनदा भरलं. एकूण खर्च गॅरेजवाल्याने आधी सांगितलेल्या मजुरीच्या बराच पुढे गेला. सुपिरिअर सरोवर राहिलं. जीप रस्त्यावर आली तोवर लेक सिॲटलला पोचली होती. पुढच्या वर्षी जाऊ, असं आम्ही ठरवलं. पुढच्या वर्षी तिला रजा मिळाली नाही.

दुसऱ्यांदा बसवताना लांब बोल्टांची डोकी कापून त्यांच्या मार्गदर्शक खुंट्या केल्या, म्हणजे ट्रान्समिशन त्यांच्यावरून सरळ सरकतं. डॉवेल घासून लखलखीत केले. खट् मोजले, पट्टी धरली, व्हर्निअर लावला, तोंडावर लोखंडी पट्टी बांधली, ती शेवटच्या क्षणी काढली. जोड हाताच्या जोराने मिटला. मग कन्व्हर्टर बोटाने फिरवून पाहिला, तो बिनतक्रार फिरला. एवढं सगळं केल्यावर डिपस्टिकची नळी लावायची राहिली आहे हे लक्षात आलं आणि ती त्या अडचणीत घुसवताना कोपर सोलून निघालं. पण ती चूक मला आवडली. तिच्यात फक्त माझंच कातडं गेलं.

त्या काळात वॉरंटीचे जुने फॉर्म पुष्कळदा आठवले. अमेरिकेत अनेक गॅरेजांत मेकॅनिकला तासावर नव्हे, कामावर पैसे मिळतात. ट्रान्समिशन काढ-घालीचे तास आधीच ठरलेले असतात, त्याला जास्त वेळ लागला तर तो त्याच्या खिशातून जातो. पट्टी धरून मोजायची दोन मिनिटं, काही चुकलं असेल तर पुन्हा उतरवायचा अर्धा दिवस, हे सगळं फुकट. त्याने फटीकडे बघून बोल्ट आवळले तर त्याला निदान घरभाड्याची निकड होती. माझ्यामागे काय होतं? एका जॅकचं दिवसाचं भाडं. शेरा चुकीचा नव्हता. पण तो लिहिताना मी जो तोरा मिरवत होतो, त्याला आधार नव्हता.

यातून मी सुधारलो, असं लिहायला आवडलं असतं. मागच्या हिवाळ्यात त्याच जीपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलत होतो. भोकात गंज होता, हब पुरता आत जाईना, थोडी फट राहिली. तीन बोल्ट मागून लावले की तो आपोआप ओढला जाईल हे दिसत होतं, आणि पाना हातात आलेलाही होता. मी थांबलो, हब बाहेर काढला, तारेच्या ब्रशने गंज साफ केला आणि तो हाताने आत सरकवला. ही सद्बुद्धी कुठून आली ते प्रामाणिकपणे सांगतो: रेडिएटरची किंमत आठवली.