विवेकवाद्यांच्या खोडी

विवेकाने चालणाऱ्या माणसांची सर्वांत जुनी खोड म्हणजे समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देणे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ती जवळून पाहता येते, कारण अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम इथे मुरलेले आहे. नरेंद्र दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. मिरजेला डॉक्टर झाले आणि १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. प्रस्तुत लेखक दोन्ही जिल्ह्यांतल्या अशा कार्यक्रमांना श्रोता म्हणून बसत आला आहे.

मंत्राने होम पेटवण्याचे प्रात्यक्षिक नेहमीचे. पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन ओतले, की थोड्या वेळाने आपोआप जाळ होतो. टाळ्या पडतात. एका गावात टाळ्या थांबल्यावर मागून एक आजी म्हणाल्या, “ते समजलं, पर सुनंच्या अंगात येतंय त्याचं काय?” व्यासपीठावरून उत्तर आले, “ते मानसिक असतं.” आजी खाली बसल्या. दुखण्याला नाव दिले की ते उलगडले असे मानणे, ही दुसरी खोड.

तिसरी अधिक गंभीर आहे: हाती आलेल्या प्रत्येक घटनेला एकच कारण चिकटवणे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेव यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसे मेली. ‘अंधश्रद्धेचे बळी’ हे वाक्य नंतर कितीदा तरी कानावर आले. पण चढाची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांना लागलेली आग आणि आवाक्याबाहेरची गर्दी ही कारणे श्रद्धेच्या खात्यात मांडता येत नाहीत. गर्दीचे नियोजन नसेल तर रेल्वेच्या पुलावरही माणसे चिरडतात. भोंदूकडे पुरावा मागणाऱ्यांनी इथे मात्र तो मागितला नाही.

टवाळीची खोड किरकोळ वाटते, पण नुकसान तीच जास्त करते. समितीचा देवाधर्माला सरसकट विरोध नाही. तरी चहाच्या वेळी कुणाच्या तरी तुळशीमाळेवर शेरा पडतोच, आणि तो माणूस पुढच्या बैठकीला येत नाही.

जट सोडवणाऱ्या कार्यकर्त्यांत या खोडी कमी आढळतात. गुंता न विंचरल्याने वाढतो, हे सांगून बाई तयार होत नाही. तिला देवीच्या कोपाची आणि त्याहून शेजाऱ्यांच्या बोलण्याची भीती असते. म्हणून ते नवऱ्याशी, सासूशी बोलतात, पुन्हा पुन्हा घरी जातात. कात्री बाईने होकार दिल्यावरच निघते.