चेंडू पायात नसताना

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की आमच्या कट्ट्यावर बसलेला प्रत्येकजण निवड समिती होतो. पोरगं दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "स्वभावाला कसं आहे?"

मीही तेच विचारायचो. एका हंगामात दोन पोरं आली. एकाचा डावा पाय असा, की चेंडू सुटेचना; पण बाहेर काढलं की पाण्याची बाटली लाथाडणार. दुसरा खेळायला बेताचा. आल्या आल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडला. मी दुसऱ्याला घेतलं. म्हटलं, वळणाचं आहे.

शाहू स्टेडियम गच्च भरलेलं, आम्ही एका गोलनं मागं. तेव्हा दिसलं, हे पोरगं चेंडू मागतच नाही. समोरच्या बॅकच्या आडोशाला उभं. पास आला तर चुकेल, चुकला तर पेठ बोलेल! ज्याला मी नम्रपणा समजलो, ती भीती होती. डाव्या पायाचा तो दुसऱ्या तालमीकडून खेळला. बाटल्या तिथंही लाथाडायचा; पण चेंडू गेला की तो परत मिळेपर्यंत जिवाच्या आकांतानं धावायचा.

मोठ्या क्लबांतही हेच दिसतं. लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझनं एप्रिल २०१३ मध्ये चेल्सीच्या इव्हानोविचला चावा घेतला, दहा सामन्यांची बंदी ओढवून घेतली. पुढच्याच हंगामात त्यानं लिव्हरपूलसाठी लीगमध्ये ३१ गोल केले. २०१४ मध्ये तो गेला आणि क्लबनं मारिओ बालोटेल्लीला आणलं. त्या हंगामात बालोटेल्लीचा लीगमधला गोल एकच. बदनाम दोघंही होते. पण सुआरेझ गेलेल्या चेंडूमागं उपाशी माणसासारखा धावायचा.

नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. गुण तेवढ्यात दिसतात. उरलेला सगळा वेळ स्वभावाचा. म्हणून चाचणीला मी आता चेंडूकडं बघतच नाही. नुकता ज्याचा चेंडू गेला, त्याच्याकडं बघतो. सोबत्यानं वाईट पास दिला तर हा हात झटकतो, की धावतो? एक लगोलग परत मागतो. एक बुटाची नाडी बांधायला बसतो.

परवा कट्ट्यावर तात्यांनी विचारलंच, "नवं पोरगं स्वभावाला कसं?"

म्हटलं, "तात्या, अजून त्याचा पास चुकलेला नाही. चुकला की सांगतो."