अडवणारी वायर

भिलाईत पिकअप म्हटली की डिझेल. सळया, सिमेंट, पत्रे लादून जी. ई. रोडवरून दिवसभर धावणाऱ्या गाड्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. आत हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेतं. त्यामुळे प्लगची वायर ही वस्तू इथल्या पिकअपवाल्यांच्या बोलण्यातून जवळपास गेलीच आहे. आमची गाडी त्याला अपवाद. महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, मागची बाकं काढून तिथे जाड पत्र्याचा हौदा बसवलेला. आजूबाजूचे लोक त्याला डाला म्हणतात आणि आता घरात आम्हीही. इंजिन मूळचं, विलीजच्या घराण्यातलं चार सिलिंडरचं हरिकेन, 2,199 सीसी. अशा जीपांमधलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवायची लाट देशभर येऊन गेली. बाबांनी त्या लाटेला दाद दिली नाही. हिशेबात ते चुकलेच असतील, पण डिझेलची धडधड त्यांना दारात नको होती. आयुष्यभर त्यांनी भिलाईच्या पोलाद प्लँटमधली धडधड ऐकली होती.

महिंद्राचा धंदा 1945 मध्ये सुरू झाला तो पोलादाच्या व्यापारापासून, जीप मागून आली. पोलादाच्या गावात तिने म्हातारं व्हावं हे मला रीतसर वाटतं. गावही तसं तिच्याच पिढीचं. प्लँटसाठी सोव्हिएत रशियाशी झालेला करार 1955 चा, आणि पहिली झोतभट्टी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ती फेब्रुवारी 1959 मध्ये. तोवर भिलाईच्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, तरी माणसं मात्र भंडारा-गोंदियाकडून गाडीत बसून इकडे येतच राहिली. आमचे आजोबा त्यांतलेच.

या गाडीचं दुखणं मृगासोबत येतं. रात्री पाऊस पडून गेलेला असावा, सकाळी सेल्फ मारावा, तर इंजिन तीनवर चालतं. एका सिलिंडरचा पिस्टन नुसता वर-खाली होतो, कामाला हात लावत नाही. मिसिंग. गाडी सायलेन्सरमधून फट् करते, गिअरचा दांडा थरथरतो. ऊन वर आलं की सगळं आपोआप बरं. अशा दुखण्यात संशय नेहमी भलत्यांवर जातो. आधी पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणतात, मग कार्बोरेटर उघडतात, मग पॉइंट घासतात, कंडेन्सर बदलतात. वायरची पाळी शेवटी, कारण ती तुटलेली दिसत नाही. वाकवली तर वाकते, ओढली तर येत नाही, काळी होती तशी काळी.

भिलाईतल्याच सुपेला भागातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने दिवसा गाडीला हातच लावला नाही. "अंधियार होवन दे," म्हणाला. दुकानाचा बल्ब मालवला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि केस कापणाऱ्याकडची पाण्याची फवारणीची बाटली घेऊन वायरींवर बारीक तुषार उडवले. तेव्हा दिसलं. तीन नंबरच्या वायरच्या मध्यावरून, जिथे ती ब्लॉकच्या कडेला टेकत होती तिथे, निळसर जांभळी रेघ टिक् टिक् करत लोखंडावर उडत होती. प्लगच्या टोपीशी फिकट निळी झालर. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, झाकणावर शिशपेन्सिलने ओढावी तशा बारीक काळ्या रेघेवरून आणखी एक ठिणगी सरपटत होती. प्लँटच्या बाजूला कुठेतरी तापलेली मळी ओतली असावी. आकाश लाल झालं आणि हळूहळू विझलं. मिस्त्रीने तिकडे पाहिलंही नाही. "करंट ह भागत हे, भैया," एवढंच बोलला.

पळणारच. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमधून बाहेर पडताना पंधरा-वीस हजार व्होल्ट झालेले असतात. चार्ल्स केटरिंगची ही जुळणी 1910 च्या कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा आली आणि पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डेल्को हा संसार जगभर सत्तर-एक वर्षं टिकला. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांना मिळून 6,000 ठिणग्या लागतात, सेकंदाला शंभर. प्लगच्या फटीत, दाबलेल्या हवेतून उडी मारायला ताकद लागते. वायरच्या कातडीला भेग असेल आणि तिच्यावर दवाचा ओलावा व गावची लोखंडी धूळ असा लेप बसला असेल, तर विजेला ती वाट सोपी. सोपी वाट सोडून ती प्लगपर्यंत कशाला जाईल? दुपारी लेप वाळतो, वाट बंद होते, गाडी शहाणी होते.

मग नव्या वायरी. दुकानदाराने आधी लाल रंगाच्या, बोटाएवढ्या जाड वायरींचा संच काढला. "रेसिंगवाली है." जाडी असते ती बहुतेक वेळा आवरणाची, वीज जाते आतल्या गाभ्यातून. आवरणावर खर्च करायचाच तर तो सिलिकॉनवर करावा, रंगावर नाही. मे महिन्यात इथे पारा 45 ला टेकतो, त्यात एक्झॉस्टची धग. साधं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतं आणि मग बारीक बारीक तडकतं. गाभ्याचा निर्णय मात्र खरा अवघड. जुनी वायर तांब्याची, अनेक तारा पिळलेली. नवी बहुधा कार्बनची, म्हणजे कार्बन भिनवलेला धागा. तिच्यात फुटामागे काही हजार ओहमचा अडसर मुद्दाम ठेवलेला असतो. आयुष्यभर तांब्याचे गुण ऐकलेल्या माणसाला हे पटत नाही. वायर ती, आणि अडवायचं?

पण पटायला हवं. मार्कोनीचे सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणगीनेच तर जात. प्रत्येक प्लग हे एक छोटं प्रक्षेपण केंद्र आणि तांब्याची वायर त्याची एरियल. म्हणून तर आमच्या गाडीत रायपूर आकाशवाणी लावली की बातम्यांच्या मागे गुणगुण यायची आणि अ‍ॅक्सिलेटर दाबला की ती गुणगुण चढायची. गाडीचा वेग बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या आवाजात ऐकू यायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांवरही फौजेच्या वायरलेसला त्रास नको म्हणून हा गोंगाट दाबणारी साधनं बसवत. अडसर तो गोंगाट गिळतो. आणि ठिणगी त्याने मरत नाही, कारण फट ओलांडेपर्यंत वायरमधून प्रवाह जवळपास वाहतच नाही. जे वाहत नाही त्याला अडवून कमी काय होणार?

तरीही आम्ही कार्बन घेतली नाही. कारण आमच्या डेल्कोचं झाकण जुन्या घडणीचं: वायर भोकात सरळ खुपसायची आणि बाजूने टोकदार स्क्रू पिळून तो गाभ्यात रुतवायचा. तांब्याच्या तारांत स्क्रू पक्का बसतो. कार्बनच्या धाग्यात तो नुसता भोक पाडतो, थोड्या दिवसांत तिथे पोकळी होते आणि ठिणगी आतल्या आत जळत राहते. तेव्हा तांब्याचा गाभा, सिलिकॉनचं आवरण आणि प्लगच्या टोकाला 5,000 ओहमचा अडसर असलेली टोपी. झाकणही नवं, त्याच घडणीचं. कॉइलची मधली वायर जुनी असली तरी सुस्थितीत होती, पण संच बदलताना एक जुनी ठेवणं मला कंजूषपणा वाटतो. सगळ्या ठिणग्या त्या एकीतूनच जातात.

बसवताना मिस्त्रीने एक वायर काढली, जुनीच्या मापाने नवी कापली, लावली, मगच दुसरीला हात घातला. सगळ्या एकदम उपटल्या की 1-3-4-2 हा क्रम आठवत बसायची पाळी येते. टोपी काढताना तो वायर ओढत नव्हता. टोपीच धरून थोडी पिळायचा, मग वर. टोपीच्या आत सिलिकॉनचं ग्रीस बोटभर, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पाणी चढू नये म्हणून.

त्याच्या पोऱ्याने शेवटी चारही वायरी एका पट्ट्याने नीट जुडी करून बांधल्या. दिसायला छान. मिस्त्रीने न बोलता पट्टा कापला. तीननंतर लगेच चारची पाळी असते आणि दोघी शेजारी. त्या एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या की तीनमधली वीज चारमध्ये नुसत्या सान्निध्याने उठते, तेव्हा चारचा पिस्टन नुकता वर निघालेला असतो. मिश्रण अवेळी पेटतं आणि येणाऱ्या पिस्टनवर उलटा दणका बसतो. दोन आणि एकचंही तसंच. म्हणून त्यांच्यात बोटभर अंतर हवं, आणि ओलांडायचं असेल तर आडवं ओलांडावं. जुन्या इंजिनांवर वायरी अशा अस्ताव्यस्त दिसतात, त्या नेहमी हलगर्जीपणामुळेच असं नाही.

आताच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसलेली असते. वायरच नाही, तर फुटणार काय आणि गळणार काय! बरंच झालं म्हणायचं. पण ती बिघडली की संगणक लावावा लागतो. बल्ब मालवून काही दिसत नाही.

सर्वांत लांब मापाची एक वायर मी जादा कापून घेतली आणि सीटखाली टाकली. लांब असल्याने ती कुठल्याही प्लगला पुरते. पैसे दिले. मिस्त्री जुन्या वायरी चाचपत होता. तीन नंबरची त्याने भंगारात टाकली, कॉइलची मात्र उजेडात धरून, वाकवून पाहिली, चांगला वीतभर तुकडा कापला आणि खिळ्याला अडकवला. कुणाच्या तरी लुनाला लागेल म्हणाला.